नाकाची रेघ

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला महिना लागला, राग मानू नकोस. रोज संध्याकाळी हात रंगांत बुडालेले असायचे. तू विचारलं होतंस की स्वतःचं काही काढायचं सोडून दुसऱ्याच्या चित्राची नक्कल कशाला? आता सांगण्यासारखं काही हाती लागलं आहे.

डच चित्रकार व्हर्मीरचं 'गर्ल विथ अ पर्ल इअरिंग' घेतलंय, कानात मोती घातलेल्या मुलीचं, साधारण १६६५ सालचं. नेदरलँड्समधल्या हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयात आहे ते. चित्र केवढंसं, तर ४४.५ बाय ३९ सेंटिमीटर. मी कॅनव्हासही त्याच मापाचा ताणून घेतला. बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी रंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून आधी सावल्या टाकल्या, मग त्वचेच्या रंगाला हात घातला आणि नाकापाशी येऊन अडकलो.

तीन संध्याकाळी गेल्या. चेहऱ्यावर नाक वरून चिकटवल्यासारखं दिसायचं. रंग बदलून पाहिला, रेघ बारीक केली, काही उपयोग झाला नाही. शेवटी मूळ चित्राचा छापील कागद आणि माझा कॅनव्हास दोन्ही उलटे टांगले आणि डोळे किलकिले करून बघत बसलो. तेव्हा दिसलं, की मूळ चित्रात तिथे रेघच नाही! नाकाची दांडी आणि तिच्या पलीकडचा गाल एकाच उजेडात आहेत आणि एकमेकांत मिसळून गेलेत. नाकाचं टोक आणि अलीकडची सावली एवढ्यावरून बाकीचं नाक आपलेच डोळे पुरं करतात. नाकाला कड असते हे मला ठाऊक होतं, म्हणून मी ती काढत होतो. समोरचं बघतच नव्हतो. रंग कालवायच्या पॅलेट नाइफने तेवढा भाग खरवडला आणि मऊ ब्रशने गालाचाच रंग दांडीवरून ओढत नेला. त्या क्षणी ती मुलगी माझ्याकडे वळली. खरंच सांगतो, अंगावर काटा आला.

मोत्याचंही तेच. मी करडा रंग कालवून छान गोल काढून बसलो होतो. व्हर्मीरने काय केलंय? वर डावीकडे पांढऱ्याचा एक जाड ठिपका आणि खाली पांढऱ्या कॉलरचं पुसट प्रतिबिंब. कानात अडकवायची कडीसुद्धा नाही. मधे आहे ती नुसती मानेची सावली. असं काय काय गाळलंय, हे नुसतं बघून मला वर्षानुवर्षं कळलं नव्हतं. ब्रश हातात घेऊन त्याच्या मागे मागे गेलो तेव्हाच कळलं.

आता पार्श्वभूमी राहिली आहे. आज ती काळी दिसते, पण २०१८ साली संग्रहालयाने चित्राची तपासणी केली तेव्हा तिथे हिरवा पडदा होता असं आढळलं. काळ्यावर नीळ आणि पिवळ्या वनस्पतिरंगाचा पातळ थर होता, तो काळाच्या ओघात विटला. मी काय काढू, आज दिसतं ते की त्याने काढलं होतं ते? मन हिरव्याकडे ओढतंय. पण खालचा थर वाळेपर्यंत थांबायला हवं. तैलरंगातलं जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं. घाई केली तर पुढे तडे जातील.

तू येशील तेव्हा दोन तास माझ्यासाठी राखून ठेव. तुला खिडकीपाशी बसवून तुझं व्यक्तिचित्र काढायचं आहे. उजेड डावीकडून घेईन.

तुझाच,
जिवलग मित्र