गुरुवारची बैठक

दांडिया बाजार, बडोदे
गुरुवार, रात्री

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

गुरुवारचे भजन तू पुन्हा सुरू केलेस हे ठीक, पण इतकी कोण माणसे येतात, असे बाबांनी परवा विचारले. दादाच्या फोनवर, सगळ्यांसमोर, नीट उत्तर देता आले नाही, म्हणून हे पत्र.

बैठक तुमच्याच पुढच्या खोलीत भरते. आज अठरा जण होते आणि त्यांतले निम्मे गुजराती. आधी दत्ताला आळवणारी करुणात्रिपदीची तीन पदे, मग दत्तबावनी हे त्याचेच स्तोत्र, त्यानंतर दहा मिनिटे कोणी काहीच बोलायचे नाही, आणि शेवटी आरती. हा क्रम मी विचार करून लावला आहे. टेंबे स्वामींनी त्रिपदी मराठीत रचली आणि १९१४ साली देह ठेवला तो इकडे, नर्मदाकाठी गरुडेश्वरी. त्यांना गुरुस्थानी मानणारे रंगावधूत महाराज मूळ रत्नागिरीकडच्या वळामे घराण्यातले, १८९८ साली गोध्र्याला जन्मलेले, आणि त्यांनी १९३५ साली दत्तबावनी लिहिली ती गुजरातीत. बाबा, तुम्ही आम्हाला त्यांच्या आश्रमात, नारेश्वरला, कितीदा नेलेत! तरीही आपल्या घरी 'आधी आपले, मग वेळ उरला तर दत्तबावनी' असाच रिवाज होता, आणि वेळ बहुधा उरत नसे.

समोरच्या बेन दोन वर्षे नेमाने येत असत, हे तुम्हाला आठवत असेल. 'माझा'मधला झ त्यांच्या तोंडी मराठी वळणाने येत नसे, म्हणून तुम्ही त्यांना दोनदा मध्येच थांबवलेत. तुमचा आग्रह शुद्ध उच्चाराचा होता, अपमानाचा नव्हता, हे मी जाणते. त्या मात्र आपल्या तोंडी हे शोभत नाही एवढेच समजून घरी गेल्या. गेल्या चैत्रात मी त्यांना बोलवायला गेले, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो 'काका आहेत का?' हा. रागावू नका.

आता माझ्याविषयी, जे तुम्हाला कधी सांगितले नाही. संसार मोडून मी परत आले त्या वर्षी भजन चालू असताना मी आतल्या खोलीत दार लोटून बसत असे. तुम्हाला वाटले, माझी श्रद्धा उडाली. मला भीती भजनाची वाटत नव्हती, आरतीनंतरच्या चहाची वाटत होती; 'जावई कुठे असतात?' हा प्रश्न कोण आणि कधी विचारील याची. म्हणून बैठकीत नियम असा एकच आहे: नव्या माणसाला आडनाव, लग्न, मुले, नोकरी यांपैकी काहीही विचारायचे नाही, त्याला पाणी द्यायचे, प्रसाद द्यायचा आणि दाराजवळची जागा द्यायची, म्हणजे उठून जावेसे वाटले तर कोणाला ओलांडून जावे लागत नाही. एक निवृत्त गृहस्थ चार गुरुवार अवाक्षर न बोलता बसून गेले. पाचव्या गुरुवारी त्यांनी पत्नी गेल्याचे सांगितले, आणि 'देवाची इच्छा' असे शेजारी बसलेली एक बाई म्हणू लागताच मी तिचा हात हळूच दाबला. भजनाने आजार बरा होतो असेही मी कोणाला म्हणू देत नाही. एका मुलीला कित्येक रात्री झोप नव्हती, तिला बेनच डॉक्टरांकडे घेऊन गेल्या, आणि ती दोन्हीकडे जाते.

उपनिषदातले 'अतिथिदेवो भव' तुम्ही आयुष्यभर पाळलेत. आईने किती चहा केला असेल, त्याची मोजदाद नाही. पण रंगावधूत महाराजांनी सांगितले ते 'परस्पर देवो भव', आणि या दोहोंतला फरक मला फार उशिरा उमगला. पहिल्यात एक यजमान असतो आणि बाकीचे पाहुणे. दुसऱ्यात कोणीच यजमान नसतो. आपण वीस वर्षे यजमान होतो, आणि तुम्ही पुण्याला गेल्यावर मंडळ दोन आठवड्यांत बंद पडले. सतरंजी कोठे ठेवलेली असते हेसुद्धा कोणाला ठाऊक नव्हते! आता खोलीची किल्ली तिघांकडे असते, आरती दर गुरुवारी निराळे माणूस सांगते, आणि गेल्या महिन्यात मला ताप होता तेव्हा मी आत निजले असताना बैठक माझ्यावाचून पार पडली. निजल्या निजल्या ती ऐकताना मला थोडे वाईट वाटले, हेही लिहून ठेवते.

आईची त्रिपदीची वही पाठवावी. दुसऱ्या पदाची तिची चाल आम्हाला अजून साधत नाही. बाबांच्या गुडघ्यांसाठी काळजी नको, सहा खुर्च्या घेतल्या आहेत. दत्तजयंतीला तुम्ही दोघांनी यावे अशी फार इच्छा आहे. त्या दिवशी आरती समोरच्या बेन सांगणार आहेत. झ कसाही निघाला तरी बाबांनी थांबवायचे नाही, एवढे कबूल असेल तर दादाला तिकिटे काढायला सांगते.

तुमची,
धाकटी