दशावतारातलं बाकडं आणि ट्रिकसीन

संपादक साहेब,

कार्तिकी पौर्णिमा झाली की आपल्या सिंधुदुर्गात जत्रांचा सीझन सुरू होतो नि रात्रभर दशावतार, म्हणजे आपलं पौराणिक कथांचं लोकनाट्य, रंगतो. पारंपरिक दशावताराचं नेपथ्य म्हणजे मागे एक पडदा आणि पुढे एक लाकडी बाकडं, बस्स. राजा बसला की तेच सिंहासन, एक पाय वर ठेवून धनुष्य ताणलं की तोच रथ, हे सगळं नटाने आवाजाने नि अंगाने उभं करायचं, त्यात संवाद लिहिलेले नसतात, आयत्या वेळी सुचतील तसे, म्हणून तर आपले नट इतके तगडे!

आता ट्रिकसीन, म्हणजे चमत्कार दाखवणारे सीन, आलेत, धूर, रंगीत लाईट, पब्लिकला आवडतं आणि काही सीन खरंच भारी असतात. पण ट्रिक चालू असताना नट नुसता ठरल्या जागी उभा, लक्ष सगळं लाईटकडे, आणि रंगात आलेला संवाद तिथेच तुटतो. सेट वाईट नसतो हो, बॉक्स सेटच्या, म्हणजे स्टेजवर तीन भिंतींची खोली उभी केलेल्या नाटकात दार कुठे त्यावरच नटाची एंट्री ठरते. दशावतारात मात्र मोकळी जागा हाच सेट. जत्रा कमिट्यांनी यंदा एक तरी नाटक फक्त बाकड्यावर ठेवावं, ही कळकळीची विनंती.

– एक नाट्यरसिक, कुडाळ