खाली टिंबांची ओळ

प्रिय मित्रा,

तुझ्या दोन पत्रांना मिळून हे एक उत्तर, तेव्हा शिव्या एकदाच दे. कॉलेजच्या विद्यार्थी वृत्तपत्रात मी उपसंपादक झालोय. घरी सगळ्यांना वाटतं की मी लेख लिहितो. प्रत्यक्षात मी एक ओळसुद्धा लिहीत नाही, दुसऱ्यांनी लिहिलेल्या ओळींत हात घालतो. बातमी चांगली झाली की बातमीदाराची, चुकली की माझी. असा हिशेब आहे.

पहिल्याच अंकात माती खाल्ली. आतल्या पानांवरच्या वेलांट्या मी भिंगातून पाहाव्यात तशा पाहिल्या, एका फोटोओळीतल्या आडनावावरून तर अर्धा तास भांडलो. आणि पहिल्या पानावर, सगळ्यांत मोठ्या टायपात, मथळा गेला : ‘वर्धापनदीन उत्साहात साजरा’. दिन म्हणजे दिवस आणि दीन म्हणजे बिचारा. आमचा बिचारा वर्धापन उत्साहात साजरा झाला! तिघांनी पान पाहिलं होतं, एकालाही दिसलं नाही. मथळा आपण वाचतच नाही रे, चेहरा ओळखावा तसा ओळखतो आणि पुढे जातो. आता पान छापायला जाण्याआधी मथळे कागदावर काढून मोठ्यानं वाचतो, तेही ज्यानं ते पान लावलेलं नाही त्याच्याकडून.

ह्रस्व-दीर्घाची भीती गेली, एवढं मात्र झालं. साहित्य महामंडळाचे १९६२ सालचे १४ नियम आणि १९७२ साली भर पडलेले ४, असे अठराच्या अठरा टेबलासमोर चिकटवलेत. फूल, पण फुलाला; सूत्र मात्र सूत्रालाच, कारण तो संस्कृतातून जसाच्या तसा आलाय. कुठला शब्द तसा आलाय हे नियम सांगत नाही, त्यासाठी कोश उघडावा लागतो. (तुझ्या पत्रांतली ‘आठवन’ मी कधीच दुरुस्त केली नाही. करणारही नाही.)

पण शुद्धलेखन हे या कामातलं सोपं अंग. खरी डोकेदुखी बेरजांची. ‘१२० जणांनी भाग घेतला, त्यांत ७२ मुली आणि ५८ मुलगे.’ बेरीज कर. बातमीदाराला विचारलं तर म्हणतो, “साधारण तेवढेच होते.” निवडणुकीतलं मतदान ४० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर गेलं, तर हमखास लिहून येतं, ‘मतदान १० टक्क्यांनी वाढलं’. वाढ झाली २५ टक्के. १० हा नुसता दोन आकड्यांतला फरक. मी सरळ दोन्ही आकडे छापतो. वाचक शहाणा असतो, तो पाहून घेईल.

आणि ते ‘करण्यात आले’! ‘निर्णय घेण्यात आला’, ‘सूचना देण्यात आल्या’. कुणी घेतला, कुणी दिल्या? हा प्रयोग म्हणजे कर्त्याला मागच्या दारानं बाहेर काढायची सोय आहे. मी बातमीदाराला फोन करून एवढंच विचारतो, “कुणी?” बहुतेक वेळा त्यालाही माहीत नसतं. मग तो पुन्हा जातो, विचारतो, आणि कधी कधी हातात भलतीच मोठी बातमी घेऊन येतो. या एका प्रश्नासाठी मला हे काम आवडतं.

आता जे सांगायला बसलोय ते सांगतो. पहिल्या वर्षाच्या एका मुलानं वसतिगृहाच्या रात्रीच्या पहारेकऱ्यावर लेख दिला होता. लाजरा मुलगा, कागद टेबलावर ठेवून पळूनच गेला. लेखात पहारेकरीकाकांचं बोलणं होतं, “परीक्षा आल्या की पोरं रातभर जागत्यात. मंग मला बी जागाया बरं वाटतं.” मी तेव्हा फॉर्मात होतो. लाल पेन घेतलं आणि केलं, “परीक्षेच्या काळात विद्यार्थी रात्रभर जागे असतात. त्यामुळे मलाही जागरण सुसह्य होते.” अठरा नियमांत कुठेही न बसणारं एक अक्षर ठेवलं नाही. लेख छापून आला आणि मी स्वतःवर खूश.

दुसऱ्या दिवशी मुलगा अंक घेऊन आला. भांडला नाही. त्या ओळीवर बोट ठेवून म्हणाला, “दादा, हे काका नाहीत. हे प्राचार्य बोलतायत.”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. अवतरणचिन्हाच्या आत हात घालायचा नसतो हे मला ठाऊक होतं. बोलणं लांबलं तर बाहेर सारांश द्यावा, पण चिन्हांच्या आत माणसाचे स्वतःचेच शब्द हवेत. मंत्र्याच्या भाषणात मी एक शब्द इकडचा तिकडे केला नसता. काकांच्या वेळी मला ते बोलणं वाटलंच नाही, चूक वाटली. हे अजून टोचतं. ‘बी’ आणि ‘जागत्यात’ काढताना तो माणूसच ओळीतून उठून गेला आणि मला पत्ता नाही.

पुढच्या अंकात खुलासा छापला, मूळ वाक्यासकट. काही जण हसले, इतक्या बारीक गोष्टीचा कसला खुलासा म्हणून. हसू देत.

आमच्या संपादक ताईनं त्यानंतर मला मुद्रितशोधनातली एक खूण दाखवली. खोडलेला शब्द परत हवा असेल तर त्याच्याखाली टिंबांची ओळ द्यायची आणि समासात ‘स्टेट’ (stet) लिहायचं. लॅटिन शब्द आहे, अर्थ ‘राहू दे’. इतके महिने काम करतोय, खोडायच्या, जोडायच्या, उलटसुलट करायच्या सगळ्या खुणा पाठ होत्या. ही कधी लागलीच नव्हती.

त्या मुलाचा दुसरा लेख काल आलाय. या वेळी पळाला नाही, समोर खुर्ची ओढून बसला. दीड तास आम्ही एकेका वाक्यावर घासाघीस केली. दोन परिच्छेद त्यानं आपणहून कापले, एका शब्दासाठी मात्र हटून बसला. मला तो शब्द अजूनही पटलेला नाही. खाली टिंबं देऊन ठेवलीत.

पान आज रात्री जायचंय, थांबतो. तू लिही, जसं येईल तसं.

तुझाच,
लाल पेनवाला