जुनी एसयूव्ही पाहायला जाल तेव्हा इंजिन थंड असू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

द्राक्षांचे पैसे हातात आले की निफाड, दिंडोरी, पिंपळगाव भागात जुनी स्कॉर्पिओ, बोलेरो, सफारी शोधणाऱ्यांची लगबग सुरू होते. आठ-दहा वर्षे वापरलेली मोठी गाडी घ्यायला काहीच हरकत नाही. चासीवर, म्हणजे वेगळ्या लोखंडी सांगाड्यावर बांधलेल्या या गाड्या दुरुस्तीला सोप्या असतात. स्कॉर्पिओ आणि बोलेरो तर नाशिकच्याच कारखान्यात तयार झालेल्या, त्यामुळे सुटे भाग आणि हात बसलेले मेकॅनिक इथे सहज मिळतात. चूक होते ती हिशेबात. जवळ पाच लाख असले की पाच लाखांची गाडी घेतली जाते, वर उधारीवर सीट कव्हर, म्युझिक सिस्टिम आणि रुंद टायर बसतात, आणि पहिल्याच उन्हाळ्यात कसारा घाटात बोनेट उघडून उभे राहायची वेळ येते. पाचातला एक लाख पहिल्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवावा आणि उरलेल्या चारातच सौदा बसवावा.

गाडी सकाळी पाहावी आणि आधी चालू करून ठेवू नका, असे आदल्या दिवशीच बजावून सांगावे. गेल्यावर इंजिनला हात लावून पाहावा. कोमट लागले तर गाडी थंडीत स्टार्ट घेत नाही किंवा सुरुवातीला धूर मारते, अशी शंका घ्यायलाच हवी. इंजिन गार असतानाच रेडिएटरचे झाकण उघडावे. गरम इंजिनवर ते उघडले तर उकळते पाणी थेट तोंडावर येते. आत हिरवे किंवा गुलाबी कूलंट स्वच्छ दिसले पाहिजे. आपल्याकडे बोअरचे पाणी भरायची सवय आहे. त्या जड पाण्याचा पांढरा क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. अशी गाडी गावात नीट चालते, पण चार माणसे आणि एसी घेऊन घाट चढताना तापते. पाणी गढूळ आणि दुधाळ तपकिरी दिसले तर त्यात ऑइल मिसळलेले असू शकते. झाकण काढूनच इंजिन चालू केले आणि पाण्यात सतत बुडबुडे येत राहिले, तर हेड गॅसकेट, म्हणजे इंजिनचा वरचा भाग (हेड) आणि ब्लॉक यांमधले पॅकिंग, गेलेले समजावे. हेड उतरवणे, फेसिंग (हेडचा तळ घासून सपाट करणे), नवे गॅसकेट, तापून हेडला तडा गेला असेल तर नवे हेड. हा खर्च किमतीतून आधीच वजा झाला पाहिजे.

धूर नीट पाहावा. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. काळा धूर इंजेक्टर (डिझेल फवारणारा भाग), टर्बो किंवा हवेच्या मार्गातला दोष सांगतो. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबला नाही तर पाणी जळते आहे. मग चालू इंजिनवर ऑइल भरायचे झाकण सैल करून तिथेच उलटे ठेवावे. थोडी वाफ चालते, पण झाकण थडथड उडून पडत असेल आणि भपकारे येत असतील तर रिंग-पिस्टन झिजले आहेत. अशी गाडी इंजिन उघडून नव्याने बांधण्याची तयारी असल्याशिवाय घेऊ नये.

कॉमन रेल डिझेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच दाबाच्या नळीतून डिझेल मिळते अशा इंजिनात, इंजेक्टरची परीक्षा स्वस्तात होते, तरी ती फार थोडे जण करून घेतात. मेकॅनिक चारही इंजेक्टरच्या रिटर्न (जादा डिझेल परत नेणाऱ्या) नळ्या काढून चार सारख्या बाटल्यांत सोडतो आणि इंजिन काही मिनिटे चालवतो. तीन बाटल्यांत बोटभर डिझेल आणि चौथी अर्धी भरली, तर तो इंजेक्टर आतून गळतो आहे. गरम झाल्यावर स्टार्ट न घेणे, ओढ कमी पडणे, ही दुखणी बरेचदा इथूनच येतात.

पहिल्या पिढीच्या फॉर्च्युनरच्या डिझेल इंजिनात टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ राखणारा पट्टा आहे. तो बदलल्याचे बिल नसेल तर टेन्शनरसकट (पट्टा ताणून धरणाऱ्या पुलीसकट) लगेच बदलावा. बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. स्कॉर्पिओच्या एमहॉक इंजिनात साखळी असते. तिथे थंडीत स्टार्ट करताना खडखडाट ऐकू येतो का, एवढे ऐकावे.

गोदावरीला पूर येऊन नाशिकच्या नदीपात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती बुडाली की काठाला उभ्या राहिलेल्या गाड्याही पाण्यात जातात, आणि पुढे त्याच पॉलिश होऊन बाजारात येतात. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा. वरचा पट्टा धुता येतो, गुंडाळीतल्या शेवटच्या वितीवर मात्र गाळाची रेघ राहते. फ्यूज बॉक्समध्ये हिरवट गंज दिसला तर सौदा सोडून द्यावा, कारण वायरिंगची दुखणी वर्षभर डोके काढत राहतात.

आता बाजूला ठेवलेल्या लाखाचे. पहिला खर्च तेलापाण्याचा: इंजिन, गिअर बॉक्स, डिफरन्शियल (चाकांच्या आसावरची गिअरपेटी) आणि फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ओढ देणारी गाडी असेल तर ट्रान्सफर केसचे (ती ओढ पुढे-मागे वाटणाऱ्या पेटीचे) ऑइल, सगळे फिल्टर, आणि निम्मे कूलंट निम्मे डिस्टिल्ड वॉटर. त्याच वेळी रेडिएटर साफ करून होज पाइप आणि थर्मोस्टॅट नवे टाकावेत. नंतर लगेच ब्रेक. मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसली तर ड्रममधला व्हील सिलिंडर गळतो आहे. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. सप्तशृंग गडाच्या उतारावर ते उकळले की पेडल थेट खाली जाते. मग चाक जॅकवर उचलून घड्याळातल्या १२ आणि ६ च्या जागी धरून हलवावे. खेळ (ढिलेपणा) लागला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. ३ आणि ९ च्या जागी लागला तर टाय रॉड एंड (स्टिअरिंगच्या दांड्याचा सांधा). टायरवरचे शेवटचे चार अंक वाचावेत: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही शिल्लक दिसली तरी एवढे जुने टायर बदलावेत. रंगकाम सगळ्यात शेवटी.

फोर बाय फोर कोरड्या डांबरी रस्त्यावर टाकून पाहू नये, गिअरवर ताण येतो. मातीत टाकून पाहावे.

कागदांत चासी नंबर आरसीशी अक्षर न् अक्षर जुळवावा. गाडी नावावर करण्याचे फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर बोजा उतरवण्याचा बँकेचा फॉर्म ३५ आणि ना हरकत पत्र सही होऊन हातात आल्याशिवाय सौद्याचा शेवटचा हप्ता देऊ नये. दिल्लीकडच्या डिझेल गाड्या स्वस्त दिसतात, पण परराज्यातल्या गाडीला तिथल्या आरटीओची एनओसी आणि इथला रोड टॅक्स लागतो. तो धरून भाव ठरवावा. घेणाऱ्याने ३० दिवसांत नाव लावण्याचा अर्ज करायचा असतो, विम्यासाठी मुदत १४ दिवसांची आहे. विकणाऱ्यांनीही कोऱ्या फॉर्मवर सह्या करून गाडी एजंटाच्या ताब्यात देऊ नये. अपघात झाला तर भरपाईला आरसीवरचा मालक जबाबदार, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. आपले नाव उतरल्याचे सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवर स्वतः पाहून मगच गाडीच्या कागदांची फाइल कपाटात ठेवावी.

— एक वाहन मेकॅनिक, अंबड, नाशिक