कुर्डीतील जोत्यांची नोंद पाणी चढण्याआधी व्हावी

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दर वर्षी एप्रिलच्या अखेरीस साळावली धरणाच्या जलाशयातील पाणी उतरू लागले, की गोव्याच्या सांगे तालुक्यातील, त्या पाण्यात बुडालेल्या आमच्या कुर्डी गावाची छायाचित्रे सर्वत्र झळकू लागतात. आठवड्या-दोन आठवड्यांत तिथे मोटारींची रांग लागते आणि जूनमध्ये पाऊस धरला, की सारे काही पुढच्या उन्हाळ्यापर्यंत विसरले जाते. या वार्षिक कुतूहलाबद्दल माझी फारशी तक्रार नाही. ज्या गावातून आम्हाला उठावे लागले, त्याबद्दल कोणाला काही वाटते, हे बरेच म्हणायचे. मात्र तिथे जी घरे होती त्यांची उरलीसुरली ओळख आता वेगाने पुसली जात आहे आणि ती लेखी स्वरूपात राखण्याची संधी फार वर्षे मिळणार नाही, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

ज्यांना हा इतिहास ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. झुआरीची उपनदी असलेल्या साळावली नदीवर धरण बांधण्याचा निर्णय गोवा मुक्तीनंतरच्या पहिल्या दशकांतला. दक्षिण गोव्याला पिण्याचे व शेतीचे पाणी मिळावे, हा त्यामागचा हेतू होता आणि तो योग्यच होता, असे मी आजही मानतो. सुमारे ३,००० वस्तीचे कुर्डी गाव त्यासाठी उठले, वाडे आणि वालकिणी येथील वसाहतींत लोकांना जागा देण्यात आल्या आणि १९८०च्या दशकाच्या मध्यास गाव पाण्याखाली गेले. ज्या पाण्यासाठी आम्ही उठलो ते पाणी आमच्याच वसाहतींत किती उशिरा आणि किती तुटपुंजे पोहोचले, याबद्दल वृत्तपत्रांतून वेळोवेळी छापून आलेले आहे. तो स्वतंत्र पत्राचा विषय आहे.

आमच्यापैकी बहुतेक कुटुंबे मे महिन्यात सोमेश्वराच्या उत्सवाला आणि ख्रिस्ती बांधव आपल्या चॅपेलच्या फेस्ताला कुर्डीत येतात, आणि देवाचे झाले की पावले आपोआप आपापल्या घराकडे वळतात. घर म्हणजे आता जोते. गाव सोडताना वासे, दारे, खिडक्या आणि कौले बहुतेकांनी उतरवून नेली होती, कारण वसाहतीतल्या नव्या घरासाठी तेवढेच लाकूड हाताशी होते. मातीच्या भिंती पहिल्या काही पावसाळ्यांतच विरघळल्या. जांभ्या दगडाचे चौथरे, पायऱ्या, विहिरींची कठडी, तुळशीवृंदावने आणि माडांचे काळे पडलेले बुंधे तेवढे टिकले, आणि त्यांच्याच आधाराने आम्ही आजवर ओसरी कुठे होती, न्हाणी कुठे, गोठा कुठे, याचा अंदाज बांधत आलो. पहिल्या वर्षांत आम्हाला वाटे, की पाण्याने जे करायचे ते करून झाले आणि उरलेले आता असेच राहील. परंतु जलाशयाचा तळ स्थिर नसतो. पाणी चढताना आणि उतरताना काठावरच्या लाटा दगडांच्या सांध्यांतली माती काढून नेतात, वरून गाळ येऊन बसतो, आणि दर वर्षी भिजून वाळणारा जांभा कडांनी झिजत जातो. आमच्या घराच्या ज्या पायऱ्या पूर्वी गुडघाभर उंचीच्या होत्या त्या आता जमिनीच्या पातळीशी आल्या आहेत, आणि मागच्या परसात विहिरीकडे जाणारी पाखाडी कुठून जात होती, हे मला नातवंडांना खात्रीने दाखवता येत नाही.

याहून मोठी अडचण माणसांची आहे. गाव उठले तेव्हा जे पंचवीस-तिशीचे होते ते आज सत्तरीच्या आसपास आहेत, आणि जे तेव्हा घरातले कर्ते होते त्यांच्यातले फार थोडे उरले आहेत. ‘हे अमक्याचे जोते’ असे बोट दाखवून सांगणारी पिढी गेली, की चौथरे राहतील आणि ते कोणाचे, हे सांगणारे कोणी राहणार नाही. हल्लीच अशा गोष्टी घडू लागल्या आहेत. दोन चुलत घरांतली मंडळी एकाच जोत्यावर आपापला नारळ ठेवून गेली, असे मी स्वतः पाहिले आहे, आणि दोघांनाही खोटे ठरवता येईना, कारण मधला आंब्याचा बुंधा, ज्यावरून सारे हिशेब होत, तो पाण्याबरोबर केव्हाच निघून गेला होता. बाहेरून येणारे पाहुणे गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकरांचे घर हमखास विचारतात. १९०४ साली त्या कुर्डीत जन्मल्या, याचा आम्हा सर्वांना अभिमान आहेच. पण ‘ते घर’ म्हणून पाहुण्यांना दाखवली जाणारी जागा दाखवणाऱ्यागणिक बदलते, हेही मी पाहिले आहे. एवढ्या मोठ्या कलावंताच्या घराबाबत ही स्थिती असेल, तर कुळागरात, म्हणजे माड-पोफळीच्या बागेत, राबणाऱ्या मुंडकाराच्या (जमीनमालकाच्या जागेत घर करून राहणाऱ्याच्या) दोन खणांची काय कथा!

पर्यटकांविषयी एक गोष्ट स्पष्टपणे लिहायला हवी. पाण्याने घर बदलले, ते आम्ही स्वीकारलेले होते. मोबदल्याच्या कागदावर सही करताना तेवढे कळत होते. चाकांनी आणि हातांनी ते बदलावे, हे मात्र कोणत्याही करारात नव्हते. सुकलेल्या तळावरून चारचाकी वाहने थेट जोत्यांपर्यंत नेली जातात, चौथऱ्यावर उभे राहून चित्रीकरण होते, चूल मांडण्यासाठी पायऱ्यांचे दगड उपसले जातात. आमच्या वाड्यावरच्या, म्हणजे वस्तीतल्या, एका अंगणात वर्षानुवर्षे पडून असलेले दगडी जाते आता तिथे नाही. ते कोणी नेले हे मला ठाऊक नाही, आणि त्याचा शोध लागावा असा माझा आग्रहही नाही. पण त्या जात्यावरूनच त्या घराची खूण सांगितली जात होती. लोकांना तिथे येऊच देऊ नये, अशी मागणी काही गावकरी करतात, ती मला पटत नाही. पाहायला येणाऱ्याने वाहन काठावर ठेवून पायी यावे, एवढे पुरे आहे, आणि तशी साधी दोरी बांधून दोन माणसे उभी करणे कोणत्याही यंत्रणेच्या आवाक्याबाहेरचे नाही.

आता मुख्य मुद्दा. कुर्डीतले जे प्राचीन म्हणून मोलाचे ठरले ते त्या काळी काळजीपूर्वक हलवण्यात आले. गावातले जुने महादेवाचे मंदिर एकेक दगड उतरवून धरणाजवळ पुन्हा उभारले गेले. जांभ्यात कोरलेली आदिमातेची भव्य प्रतिमा वेर्णे येथे नेऊन जपली गेली. हे काम कौतुकाचे आहे आणि ते करणाऱ्यांचे आमच्यावर ऋण आहे. मंदिराचा प्रत्येक दगड पुन्हा आपल्याच जागी बसावा म्हणून जी चिकाटी दाखवली गेली, तिचा शतांशही घरांच्या वाट्याला आला नाही. घरे हलवणे शक्य नव्हते, हे उघड आहे. ती कुठे आणि कोणाची होती, एवढे एका नकाशावर उतरवणे मात्र शक्य होते आणि आजही आहे.

ते शक्य आहे असे मी म्हणतो, कारण माहिती अस्तित्वात असली पाहिजे. १८९४च्या कायद्याखाली जमीन संपादन करताना निवाड्यात, म्हणजे मोबदला ठरवणाऱ्या सरकारी आदेशात, केवळ जमिनीचे क्षेत्र धरून चालत नसे. घराचे बांधकाम, छपराचा प्रकार, विहीर, माड, पोफळी, फणस, काजू यांचे मूल्य वेगवेगळे धरावे लागे, कारण मोबदला त्यावरून ठरत होता. आमच्या घरात वडिलांनी जपून ठेवलेल्या कागदांत परसातल्या माडांची संख्यासुद्धा लिहिलेली आहे. (ती कमी धरली गेली, असे ते अखेरपर्यंत म्हणत असत.) असेच कागद कुटुंबाकुटुंबांच्या ट्रंकांमध्ये आहेत आणि त्यांच्या मूळ प्रती सरकारी दप्तरात असायला हव्यात. त्या निवाड्यांतील भूमापन क्रमांक, जुने मोजणी नकाशे आणि उघड्या पडलेल्या जोत्यांची आज उपग्रहाच्या साहाय्याने घेता येणारी अचूक स्थाने ही तिन्ही एकमेकांवर ठेवली आणि सोबत हयात असलेल्या गावकऱ्यांना प्रत्यक्ष जागेवर नेऊन विचारले, तर वाड्यावाड्याचा, घराघराचा नकाशा तयार होईल. त्यात भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, राजांगणाच्या (मधल्या चौकाच्या) घराइतकीच मुंडकाराच्या झोपडीचीही नोंद व्हावी. निवाड्यात जमीनमालकाचे नाव ठळक असते आणि राहणाऱ्याचे असेलच असे नाही, म्हणून केवळ कागदांवर विसंबून चालणार नाही. माणसांना विचारावेच लागेल.

कुर्डीचे स्मारक म्हणून एखादे सभागृह किंवा कमान बांधावी, अशा सूचना अधूनमधून ऐकू येतात. माझे स्पष्ट मत असे आहे, की त्यावर एक रुपयाही खर्चू नये. वसाहतीत सभागृह हवे असेल तर ते वसाहतीच्या गरजेसाठी बांधावे, गावाच्या आठवणीच्या नावाखाली नव्हे. नकाशाची एक प्रत पंचायतीत, एक पणजीच्या पुराभिलेख खात्यात आणि एक शाळेच्या भिंतीवर असली, तर आमच्या नातवंडांना पुढे कधी तळावर उतरून आपले घर शोधता येईल. महाराष्ट्रातही दुष्काळाच्या वर्षी उजनीचे पाणी ओसरले, की पळसदेवचे मंदिर पाहायला लोक लोटतात. मंदिर सर्वांना ठाऊक असते, पण आसपासची घरे कोणाची होती, हे तिथल्याही विस्थापितांना विचारावेच लागते. कोयनाकाठच्या मंडळींचा अनुभव फारसा वेगळा नसावा.

हे काम कोणत्याही एका वर्षी सवडीने करता येण्यासारखे नाही, आणि याच कारणासाठी मी हे पत्र आताच लिहीत आहे. जोती उघडी राहतात ती उन्हाळ्याच्या अखेरचे काही आठवडे, आणि ज्या वर्षी जलाशयात पाणी अधिक राहते त्या वर्षी खालच्या वाड्यांतली घरे वर येतही नाहीत. म्हणून कागद शोधण्याचे आणि जाणत्यांच्या मुलाखतींचे काम हिवाळ्यातच उरकावे लागेल, म्हणजे मे महिन्यात केवळ मोजणी उरेल. जलस्रोत खाते, पुराभिलेख खाते आणि वाडे-कुर्डी पंचायत यांनी एकत्र बसून फेब्रुवारीपूर्वी तसा निर्णय घ्यावा, ही विनंती. आपापल्या घरचे निवाड्याचे कागद दाखवण्यास तयार असलेल्या काही कुटुंबांशी मी बोललो आहे. जागेवर येऊन जोती ओळखून देण्यास ज्येष्ठ मंडळीही राजी आहेत. फक्त त्यांच्यासाठी काठापासून वाड्यापर्यंत जाण्यायेण्याची सोय करावी लागेल, कारण त्यांच्यातल्या कित्येकांना आता उन्हात एवढे चालवत नाही.

आपला नम्र,
कुर्डीतील एक विस्थापित, सांगे