पेमेंट ॲपमध्ये क्रिप्टोचे बटण नको

महोदय,

आमच्या कोपऱ्यावरच्या भाजीवालीने पाटीला क्यूआर कोड चिकटवला आहे. वीस रुपयांची मेथी घेतली की शेजारचा डबा बोलतो आणि ती मोबाइल न बघताच पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळते. हा विश्वास एका दिवसात बसलेला नाही. म्हणूनच यूपीआय ॲपमधून क्रिप्टो, म्हणजे बिटकॉइनसारखे आभासी चलन, खरेदी करण्याची सोय द्यावी, या मागणीला माझा विरोध आहे.

एप्रिल २०२२ मध्ये कॉइनबेस या अमेरिकी क्रिप्टो एक्स्चेंजने, म्हणजे क्रिप्टोच्या खरेदी-विक्रीच्या ऑनलाइन बाजाराने, भारतात ही सोय सुरू केली होती. कोणतेही क्रिप्टो एक्स्चेंज यूपीआय वापरत असल्याची आपल्याला माहिती नाही, असे यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेने जाहीर केले आणि काही दिवसांतच ती बंद पडली. तरुण मंडळी विचारतात, सरकार नफ्यावर ३० टक्के कर घेते, वर १ टक्का टीडीएस कापते, मग दार बंद का? प्रश्न रास्त आहे. पण कर घेतला म्हणजे संरक्षण दिले असे होत नाही. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय क्रिप्टो एक्स्चेंजवरून सुमारे २३ कोटी डॉलर चोरीला गेले आणि ग्राहकांचे पैसे वर्षाहून अधिक काळ अडकून पडले. बँकेतल्या ठेवीला निदान ५ लाखांपर्यंत विमा असतो.

आधी कायदा करा, तक्रार कुठे करायची ते ठरवा. वीजबिल भरतो त्याच पडद्यावर, त्याच पिनने बिटकॉइन मिळू लागले, तर माझ्या वयाच्या माणसांना दोन्ही सारखेच सुरक्षित वाटतील.

– एक ज्येष्ठ वाचक, सातारा