दोन बोटं कोरी जागा

प्रिय मित्रा,

आठ महिने तुझ्या पत्राला उत्तर दिलं नाही, आणि आता लिहितोय तेही अडलंय म्हणून. हवं तेवढं रागाव, पण आधी शेवटपर्यंत वाच. पाठ बरी आहे, चष्म्याचा नंबर वाढला, आई ठीक. झालं.

आपल्या कॉमिकवर एक मुलगी फिल्म करतेय. हो, तेच, आपलं एकुलतं एक. वीस मिनिटांची फिल्म, खरे नट, खरी खोली. पुस्तकावर दोघांची नावं आहेत, म्हणून परवानगी दोघांची हवी. तिने तुझा पत्ता मागितला. म्हटलं, थांब, आधी मी लिहितो.

पहिली दोन पत्रं मी नाचत वाचली. तिसऱ्यात तिने चौदाव्या पानाबद्दल विचारलं. वरच्या चौकटीत म्हातारा दिव्याची वात खाली करतोय, खालच्या चौकटीत सकाळ आणि रिकामी खाट. मधे नेहमीची बारीक फट न ठेवता तू दोन बोटं जागा कोरी सोडलीस. मी तिथे वाक्य घालणार म्हणालो, तर तू ब्रश धुतलास आणि निघून गेलास. चार दिवस अबोला. पाचव्या दिवशी दादाने दोघांना समोरासमोर बसवलं, तरी तू भिंतीकडे बघून बोलत होतास. जागा शेवटी कोरीच राहिली.

तिचा प्रश्न एका ओळीचा आहे : ‘या जागेला किती सेकंद देऊ?’

तेव्हापासून माझं दुसऱ्या कशात लक्ष नाही. कॉमिकमध्ये वेळ वाचणाऱ्याच्या बोटात असतो. तो थांबेल, मागचं पान उलटेल, एका चौकटीवर पाच मिनिटं काढेल. सिनेमा सेकंदाला चोवीस फ्रेम पुढे जात राहतो, कुणासाठी थांबत नाही. आपण चौकटी काढल्या, पण म्हातारा मेला तो त्या दोन बोटांत, आणि तिथे तर आपण काहीच काढलं नव्हतं.

‘वॉचमेन’ या कॉमिकच्या सिनेमावरून आपण केवढे भांडलो होतो! तू म्हणायचास, चौकट हुबेहूब पडद्यावर आली की सिनेमा जमला. परवा तो २००९ चा सिनेमा पुन्हा पाहिला, मांडीवर पुस्तक घेऊन. तुझं बरोबर होतं, कितीतरी फ्रेम थेट पानावरून उचलल्यात. पण चित्रकार गिबन्सची पानं बहुतेक नऊ चौकटींच्या जाळीवर उभी आहेत, घड्याळाच्या टिकटिकीसारखी. पाचवा अंक तर आरशासारखा रचलाय, पहिल्या पानाचं प्रतिबिंब शेवटच्या पानात. ते कळायला पानं मागे-पुढे उलटावी लागतात. पडद्यावर चित्रं आली, पण उलटायला पान नव्हतं. त्या चित्रपटावर मूळ लेखक मूरने स्वतःचं नाव लावू दिलं नाही. तेव्हा मी त्याला हेकट म्हणालो होतो. आज तसं म्हणवत नाही.

तू लगेच ‘सिन सिटी’ काढशील, माहितेय. २००५ मध्ये रॉड्रिगेझने मूळ कॉमिकवाल्या मिलरला दिग्दर्शक म्हणून शेजारी बसवलं आणि दिग्दर्शकांच्या संघटनेला ते चालेना, तर संघटनाच सोडली. एवढी निष्ठा पाहून माझा ऊर आजही भरून येतो. तरी अर्ध्या तासानंतर मी दमतो. पुस्तकातला काळा रंग माझ्याकडून काहीतरी मागत असतो. पडद्यावर तो सगळं आधीच ठरवून आलेला असतो. २००३ च्या ‘हल्क’मध्ये आंग लीने पडद्याच्याच चौकटी केल्या होत्या, आठवतं? चौकटी आल्या, पण सगळ्याच एकदम हलायला लागल्या, मग फटीत शिरायला सवड कुठली!

जमलं कुणाला, तर माझ्या मते २०१८ च्या ॲनिमेशनवाल्या ‘स्पायडर-मॅन’ला. (तू अर्ध्यात झोपलास आणि उठून सगळ्यात लांबलचक मत दिलंस, हे मी विसरलेलो नाही.) त्यात बऱ्याच ठिकाणी एकच चित्र दोन फ्रेम धरून ठेवलंय, म्हणजे सेकंदाला बाराच चित्रं, आणि हालचाल धूसर केलेलीच नाही. नवखा पोरगा आणि मुरलेला गडी एकत्र झोके घेतात, तेव्हा पोरगा बाराच्या चालीने अडखळतो आणि तो दुसरा चोवीसच्या चालीने सुळकन जातो. त्यांनी चौकट उचलली नाही, फट उचलली. दोन चित्रांमधलं अंतर डोळ्यांना भरायला दिलं.

पण आपल्या फिल्ममध्ये खरी माणसं असणार. खरा नट श्वास घेतो रे, बारा फ्रेमवर कसा थांबेल?

आणखी एक मनात येतं. ‘पर्सेपोलिस’ या आपल्याच कॉमिकच्या सिनेमाला सत्रापी स्वतः दिग्दर्शक म्हणून बसली, पारोनोबरोबर, आणि बहुतेक सगळं काळं-पांढरंच ठेवलं. ओतोमोने १९८८ मध्ये ‘अकिरा’ पडद्यावर आणला तेव्हा त्याचं मूळ कॉमिक अजून चालूच होतं, १९९० पर्यंत चाललं. पडद्यासाठी स्वतःच्याच कथेचा केवढा भाग त्याने बाजूला ठेवला! आपलं पोर आपणच कापायचं धैर्य. आपण तिच्या शेजारी बसायचं, का मूरसारखं नाव काढून घ्यायचं?

मी घड्याळ लावून ते पान वाचून पाहिलं. एकदा चार सेकंद, एकदा अकरा. बाबा गेले त्या वर्षी ते पान उघडलं होतं, तेव्हा खालच्या चौकटीपर्यंत पोचलोच नाही, पुस्तक मिटून ठेवलं. आता सांग, यातला कुठला आकडा तिला देऊ? तिने अंधार दाखवला तरी तो तिचा अंधार होईल, तिच्या मापाचा.

आणि एक गोष्ट मी इतक्या वर्षांत तुला विचारलीच नाही. त्या जागेत तू काय पाहत होतास? मी वाक्यासाठी भांडलो, तू गप्प बसलास, आणि मी समजलो हट्ट आहे. आजोबा त्याच वर्षी गेले होते तुझे. हे माझ्या लक्षात यायला तिचं पत्र यावं लागलं.

म्हणून मी तिला काहीच कळवलेलं नाही. जागा तू सोडली होतीस. तू सेकंद सांगितलेस तर तेच कळवीन, ‘नको’ म्हणालास तर नकार कळवीन, आणि त्यावर भांडणार नाही, शब्द देतो.

घराचं काम आटपलं का? लेकीचं काय ठरलं? वहिनींना नमस्कार, ताईलाही.

तुझा,
फुगेवाला

ता. क. मूळ पान तुझ्याकडेच आहे. छापताना ती जागा आक्रसली असं तू नेहमी म्हणायचास. एकदा पट्टी लावून कळव.